अधिकराव

आमच्या कृष्णाकाठच्या गावांत 'अधिक' हे नाव ऐकून कुणी दचकत नाही. अधिकदादा, अधिकतात्या, अधिकनाना असा एखादा तरी प्रत्येक आळीत असायचाच. पुण्या-मुंबईत मात्र हे नाव सांगितलं की ऐकणारा पुन्हा विचारतो, "काय म्हणालात? अधिक?" शाळेत मास्तरही बेरजेच्या तासाला अधिकलाच फळ्यापुढं उभं करायचे आणि पोरं खिदळायची.

अधिक महिन्यात जन्मला तो अधिक. नावामागं एवढंच आहे. पण एवढ्याशा नावात एका माणसाचं जन्मसाल साठवलेलं असतं, आणि मला सांगायचं आहे ते त्याचंच.

आपलं चांद्र वर्ष 354 दिवसांचं, सूर्याचं 365 दिवसांचं. दरसाल अकरा दिवसांची तूट पडते. ती भरली नाही तर दिवाळी सरकत सरकत भर पावसात येईल. म्हणून साधारण साडेबत्तीस महिन्यांनी एक महिना जास्तीचा धरतात. ज्या चांद्र महिन्यात सूर्य रास बदलत नाही, तो अधिक. त्याला पुढच्या महिन्याचंच नाव मिळतं. म्हणून म्हाताऱ्या 'यंदा दोन श्रावण' असं म्हणायच्या. 19 वर्षांत असे सात महिने येतात.

गावात हा धोंड्याचा महिना. लग्न नाही, मुंज नाही, वास्तुशांत नाही. लेक-जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे घालायचे, ऐपतीप्रमाणं 33 अनारशांचं वाण द्यायचं. पुराणातली गोष्ट अशी, की या महिन्याला कुणी वाली नव्हता, 'मलमास' म्हणून सगळे त्याला हिणवायचे. तेव्हा विष्णूनं त्याला आपलं 'पुरुषोत्तम' हे नाव दिलं. शुभकार्यं थांबली तरी जन्म काही थांबत नाही, आणि बारसं बाराव्या दिवशी व्हायचंच. मग या महिन्यातल्या मुलाचं नाव कुणी पुरुषोत्तम ठेवी, कुणी धोंडिराम, कुणी अधिक.

यातला फरक ध्यानात घेण्यासारखा आहे. पुरुषोत्तम हे देवाचं नाव, ते कोणत्याही महिन्यात ठेवता येतं. धोंडू, धोंडिबा ही नावं आधीची मुलं दगावलेल्या घरातही ठेवत. दगडासारखा टिकू दे म्हणून. अधिकला मात्र दुसरा अर्थच नाही. ते नाव निघालं की महिना ठरला. साधारण तेहतीस महिन्यांतल्या एकाच महिन्याचं हे नाव, त्यामुळं ते कितीही आवडतं असलं तरी गावात त्याची गर्दी होणं शक्य नव्हतं. दोन अधिक भेटले तर ते एकाच महिन्यातले तरी असायचे, नाहीतर त्यांच्यात अडीच-तीन वर्षांचं तरी अंतर असायचं.

आता जन्मसालाचं. त्या काळी गावातल्या जन्म-मृत्यूची नोंद कोतवाल बुकात व्हायची. त्यात बापाचं नाव असे, जात असे, 'मुलगा' किंवा 'मुलगी' एवढं असे. नोंद बारशाआधीची, त्यामुळं बाळाचं नाव पुष्कळदा नसेच. एका बापाला चार मुलगे असले तर कुठली नोंद कुणाची, हे कोण सांगणार? पुढं पोर शाळेत गेलं की मास्तर डोक्यावरून हात घेऊन पलीकडचा कान धरायला लावीत. कान हाताला लागला की पोर शाळेजोगं झालं, आणि जन्मतारीख 1 जून. माझ्या वडिलांच्या पिढीतलं निम्मं गाव 1 जूनला जन्मलं आहे.

माझे चुलते अधिकनाना यांचा दाखलाही तसलाच, 1 जून 1950. पण आजी सांगायची ते वेगळं. "त्या साली दोन सरावण आलं हुतं. पंचमी लांब गेली हुती. आदिकचं बारसं झालं आन् चावडीवर झेंडा लागला."

मी पंचांगं काढून बघितली. 1950 साली अधिक महिना होता, पण तो आषाढ, आणि जूनच्या मध्यावर लागलेला. 1 जूनला जन्मलेल्या पोराचं नाव त्या साली अधिक पडायचं कारणच नव्हतं. 1947 साली मात्र अधिक श्रावण होता, 18 जुलैपासून 16 ऑगस्टपर्यंत. म्हणजे ज्या महिन्यात शुभकार्य करायचं नाही म्हणतात, त्याच महिन्यात 15 ऑगस्टला देश स्वतंत्र झाला. आजीचे दोन श्रावण, लांबलेली पंचमी आणि चावडीवरचा झेंडा, तिन्ही एकाच सालात बसतात. नाना 1947 च्या ऑगस्टातले.

मग तीन वर्षं गेली कुठं? गुरं राखण्यात नानांना शाळेला उशीर झाला. दहाव्या वर्षाला टेकलेलं पोर पहिलीत कसं बसवायचं, म्हणून मास्तरांनी वय कमी लावलं. पुढं नोकरीला उपयोग होईल, असं म्हणून घरचेही खूश झाले. नोकरी नानांना लागलीच नाही. जन्मभर शेती केली. कमी केलेली तीन वर्षं मात्र कागदावर तशीच राहिली, दाखल्यावरून आधार कार्डावर आली.

2022 च्या ऑगस्टमध्ये पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास फुकट झाला. नेमकी त्याच महिन्यात नानांना 75 पुरी झाली होती. पण कार्डावर ते 72 चे. कंडक्टरनं कार्ड बघून अर्धं तिकीट फाडलं. त्याचं काही चुकत नव्हतं. नाना म्हणाले, "आरं, माझं नाव अधिक हाय." कंडक्टरला त्यातलं काय कळणार? 2024 च्या भाद्रपदात नाना गेले. मृत्यूच्या दाखल्यावर वय 74 लागलं. घरातल्यांच्या हिशोबानं ते 77 चे होते.

नानांकडं निदान नावाचा पुरावा होता. माझ्या आत्यांना तोही नाही. आमच्याकडं पोरीचं नाव अधिक महिन्यावरून ठेवलेलं मी ऐकलं नाही. शाळेतही त्या गेल्या नाहीत, त्यामुळं 1 जूनसुद्धा मिळाला नाही. त्यांच्या कार्डावर 1 जानेवारी आहे. थोरल्या आत्याचं खरं वय आजीबरोबरच गेलं.

जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा 1969 चा. पुढं बाळंतपणं दवाखान्यात होऊ लागली, तारीख, वेळ, वजन सगळं कागदावर आलं. जन्म लक्षात ठेवायचं काम नावाकडं राहिलं नाही. 2023 ला पुन्हा अधिक श्रावण आला, 1947 सारखाच 18 जुलै ते 16 ऑगस्ट. त्यात आमच्या भावकीत दोन मुलगे झाले. अधिक हे नाव कुणी सुचवलंही नाही. त्यात वाईट वाटण्याजोगं काही नाही. त्या पोरांची तारीख कुणी खाणार नाही.

पण तुमच्या घरात जुना अधिक असेल, तर आताच त्याच्याजवळ बसा. कोणता महिना दोनदा आला होता, असं घरात कुणी सांगायचं का, ते विचारा. 1947 ला श्रावण, 1950 ला आषाढ, 1953 ला वैशाख, 1955 ला भाद्रपद, 1958 ला पुन्हा श्रावण, 1961 ला ज्येष्ठ. यातला 1961 चा अधिक ज्येष्ठ 15 मे ते 13 जून होता. त्या सालच्या एखाद्या अधिकरावाच्या दाखल्यावर 1 जून असेल, तर ती तारीख कदाचित खरीही निघेल. बाकीच्या अधिकरावांच्या 1 जूनवर विश्वास ठेवू नका, त्यांच्या नावावर ठेवा.