बार्शी लाइटची स्टेशनं: काही उरली, काही गेली

आपल्या भागात 'रोड' असं शेपूट लावलेली बरीच स्टेशनं आहेत. कळंब रोड, औसा रोड, जत रोड, लातूर रोड. बाहेरून आलेला माणूस इथे हमखास फसतो. लातूर रोडला उतरलात तर लातूर दिसत नाही, कारण तुम्ही चाकूर तालुक्यात असता आणि लातूर शहर तीसेक किलोमीटर मागे राहिलेलं असतं. 'रोड'चा अर्थ साधा आहे: गाव इथे नाही, इथून गावाला रस्ता जातो. रेल्वे आखणाऱ्याची रेघ गाव सोडून गेली की गावाच्या वाट्याला 'रोड' यायचा.

यातलं एक फार जुनं नाव आता पाटीवर सापडत नाही. बार्शी रोड. जीआयपी रेल्वे 1859 मध्ये पुण्याकडून तिथवर आली आणि पुढच्या वर्षी सोलापूरला पोचली. बार्शीसारखी मोठी पेठ मात्र पस्तीसेक किलोमीटर बाजूला राहिली. त्या स्टेशनाला आज आपण कुर्डुवाडी म्हणतो. बार्शीच्या स्टेशनावर मात्र अजून 'बार्शी टाउन' असंच लिहिलेलं असतं. बार्शी रोडशी घोटाळा होऊ नये म्हणून ते 'टाउन' लावलं होतं. रोड गेला, टाउन राहिलं.

या दोन बार्शींना जोडणारी छोटी गाडी म्हणजे बार्शी लाइट. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाचा इंग्रज इंजिनियर जीआयपीत नोकरीला होता. त्याच्या डोक्यातून ती निघाली. 1895 मध्ये लंडनला कंपनी उभी राहिली आणि 1897 मध्ये गाडी धावू लागली. रुळांमधलं अंतर फक्त अडीच फूट. कॅलथ्रॉपचं म्हणणं असं की, रूळ हलके असले तरी चालतील, पण गाडीच्या कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार पडता कामा नये. मग इंजिनाचं वजन जास्त आसांवर वाटून दिलं आणि डबे लांब पण हलके बांधले. हा माणूस पुढे विमानातून उडी मारायच्या हवाई छत्र्या करत बसला, अरबी घोड्यांवर त्याने पुस्तकही लिहिलं. पण त्याचं खरं काम आपल्या मुलखात आहे. 1906 ला गाडी पंढरपूरला गेली, 1911 ला लातूरला आणि 1927 ला मिरजेला. सगळी मिळून सव्वातीनशे किलोमीटर.

माझे नाना या गाडीवर सांधेवाले होते. स्टेशन मास्तराचा इशारा आला की खटका ओढायचा आणि गाडी हव्या त्या रुळावर घ्यायची. त्यांच्या बोलण्यात 'टेसन' हा शब्द इतका यायचा की लहानपणी मला टेसन म्हणजे आपल्याच घराची एक खोली वाटायची. ते सांगायचे, पांगरीच्या पुढे गेलं की राज्य बदलायचं. बार्शी तालुका मुंबई इलाख्यात, पुढचा मुलूख निजामाचा. तिकडे हाली सिक्का, इकडे कलदार. माल हद्द ओलांडायला लागला की करोडगिरी, म्हणजे निजामाची जकात. कुर्डुवाडीला आणखी एक हद्द होती, ती रुळांची. छोट्या गाडीतली पोती उतरवायची आणि मोठ्या गाडीत चढवायची. लातूरचं धान्य असो की कापूस, हमालाच्या पाठीवरून गेल्याशिवाय मुंबईला जात नव्हता. उर्दूत सरहद आणि मराठीत हद्द हे शब्द शिकवताना मी मुलांना सीमेवरच्या तारा दाखवत नाही, हाच फलाट सांगतो.

याच लाइनीवर कसबे तडवळे आहे. कळंब रोड स्टेशन तिथेच. 1941 च्या फेब्रुवारीत या गावात महार-मांग परिषद झाली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिला आले. निजामी मुलखातल्या आडगावात अशी परिषद भरते, त्यात गावाजवळ स्टेशन असण्याचा काही वाटा असणारच, असं मला वाटतं.

आता लातूर. हे लिहायला मला नेहमी जड जातं. 1947-48 मध्ये ही हद्द पेटली. बार्शीच्या बाजूला मुक्तिलढ्याच्या कार्यकर्त्यांचे कॅम्प होते आणि पलीकडे रझाकारांनी गावंच्या गावं छळली. ते आपण नाकारू नये, नाकारताही येत नाही. 13 सप्टेंबर 1948 ला फौजा शिरल्या आणि 17 ला निजामाने शरणागती दिली. दर वर्षी शाळेत त्या दिवशी मीही झेंड्यापुढे उभा असतो आणि मनापासून असतो. पण त्यानंतरच्या आठवड्यांचं पान पाठ्यपुस्तकात नाही. नेहरूंच्या सरकारने पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांना हैदराबाद संस्थानात पाठवलं. त्यांच्या अहवालात सगळ्यात जास्त पोळलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आहे, आणि त्या जिल्ह्यात लातूर. वीसहून जास्त दिवस तिथे कत्तल चालली. सुमारे दहा हजार मुसलमानांच्या वस्तीपैकी समितीला जेमतेम तीन हजार माणसं सापडली. हजाराहून अधिक मारले गेले होते, बाकीचे निघून गेले होते. हिंदू शेजाऱ्यांनी जिवावर उदार होऊन मुसलमानांना वाचवल्याचे दाखलेही त्याच अहवालात आहेत. हा अहवाल कित्येक दशकं दडून राहिला आणि 2013 च्या सुमारास दिल्लीत लोकांना वाचायला मिळाला.

नाना या दिवसांना फक्त 'गडबड' म्हणायचे. "गडबडीच्या आधी कच्छी सेठ लोकांचा माल यायचा," एवढंच. गडबडीनंतर काय, ते कधीच नाही. आम्ही विचारलं की ते पानाचा डबा उघडायचे.

म्हणूनच लातूरचं जुनं स्टेशन गेल्याचं मला जास्त लागतं. ते भर शहरात होतं. ब्रॉडगेज आली तेव्हा नवं स्टेशन शहराबाहेर बांधलं आणि जुनं मोकळं सोडलं. इमारत पाडायला कुणाचा विरोध असण्याचं कारण नव्हतं; ती काही राजवाडा नव्हती. पण ज्या फलाटावर सेठ लोकांचा माल उतरायचा, तो डोळ्यांसमोर असता तर निदान एखाद्या नातवाने आजोबांना विचारलं असतं की तो माल कुणाचा आणि ती माणसं कुठे गेली.

सरकारने 1954 मध्ये कंपनीकडून ही रेल्वे विकत घेतली. त्यानंतरही ती पन्नासेक वर्षं तशीच डुलत चालली. वारीच्या दिवसांत पंढरपूरच्या गाडीच्या टपावरही माणसं असायची. मी स्वतः येडशीहून बार्शीला या गाडीने गेलो आहे. चढावर ती इतकी मंद व्हायची की पोरं उतरून बरोबरीने चालायची. मग रुंदीकरण आलं. पंढरपूरचा तुकडा आधी झाला, लातूर ते कुर्डुवाडी 2007-08 मध्ये, आणि शेवटी मिरजेची बाजू. जुनी लाइन जिल्ह्याचं गाव सोडून रामलिंगच्या घाटातून येडशीला यायची. नवी लाइन मुद्दाम वळवून शहरात आणली. म्हणजे ज्याचं नाव मीर उस्मान अली खान यांच्यावरून पडलं होतं, त्या उस्मानाबादला निजाम गेल्यावर साठेक वर्षांनी स्टेशन मिळालं. आता 2023 पासून ते परत धाराशिव आहे. घाटातली जुनी वाट मात्र सुटली.

उरलं काय? कुर्डुवाडीचं वर्कशॉप उरलं. ढोकी, मुरूड, पांगरी ही नावं उरली, पण फलाट नवे आणि उंच. मिरज स्टेशनावर एके काळी तिन्ही मापांचे रूळ होते, छोटा, मीटर आणि ब्रॉड, आता एकच. मिरजेवरून आठवलं: उस्ताद अब्दुल करीम खाँ 1937 मध्ये मद्रासकडच्या एका छोट्या स्टेशनाच्या फलाटावर वारले आणि मिरजेच्या दर्ग्यात दफन झाले. छोट्या स्टेशनांच्या गोष्टी अशा कुठून कुठे जातात.

एप्रिल 2016 मध्ये लातूरला प्यायला पाणी नव्हतं, तेव्हा मिरजेहून पाण्याची गाडी निघाली. पहिल्या खेपेला दहा टँकर, पाच लाख लिटर. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर: मार्ग बार्शी लाइटचाच. पुढे पन्नास टँकरांची गाडी येऊ लागली. कॅलथ्रॉपच्या पाच टनांच्या रुळांवर ती उभीही राहिली नसती. मी टीव्हीवर ती बघत होतो आणि अम्मी शेजारून एकेक टेसन मोजत होती. ढोकीपाशी ती थांबली आणि म्हणाली, इथे अब्बा तीन वर्षं होते, क्वार्टरच्या मागे चिंच होती.