विधेयक मंजूर झालं, लागू कधी?

"विधेयक मंजूर!" असा मेसेज फिरला की आपल्याकडं लगेच अभिनंदनाचे बॅनर लागतात. मी बातमी लिहिताना आधी विचारतो, लागू कधीपासून?

रोजगार हमीचंच बघा. १९७२ च्या दुष्काळात ही योजना राज्यभर गेली. त्यामागं डोकं विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांचं. पण नुसती योजना म्हणजे सरकारची मर्जी. जीआर बदलला की विषय संपला. कायदा झाला तर काम मागणं हा मजुराचा हक्क होतो.

१९७५ मध्ये आधी पैशाची सोय झाली. पगारदार, व्यापाऱ्यांवर व्यवसाय कर बसला. १९७७ चं विधेयक दोन्ही सभागृहांतून पार पडलं. राष्ट्रपतींची संमती यायला १९७८ उजाडलं. आणि कायदा लागू झाला २६ जानेवारी १९७९ ला! तोवर कामं योजनेतून चालू होती, पण कायद्याचा हक्क हातात नव्हता.

म्हणून पुढाऱ्याला हार जरूर घाला. पण घालताना एवढं विचारा: साहेब, पैसा कुठून येणार? संमती आली का? राजपत्रात तारीख कुठली?