न नोंदलेल्या मृत्यूंचा हिशेब

१८ मार्च १९२१ च्या रात्री हिंदुस्थानची पाचवी दशवार्षिक खानेसुमारी पूर्ण झाली. आजच्या भारताच्या हद्दीपुरते तिचे आकडे पाहिले, तर १९११ साली २५ कोटी २१ लाख असलेली लोकसंख्या दहा वर्षांनी २५ कोटी १३ लाखांवर आलेली दिसते. देशाची लोकसंख्या घटल्याची नोंद असलेले खानेसुमारीच्या इतिहासातले हे एकमेव दशक. आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीत घट आणखी ठळक आहे: २ कोटी १५ लाखांवरून २ कोटी ८ लाख, म्हणजे जवळजवळ तीन टक्के. वसाहतकाळातील खानेसुमारीवर आपल्याकडे बरेच लिहिले गेले आहे आणि त्यातले बहुतेक जातीच्या तक्त्यांभोवती फिरते. ती चर्चा आवश्यकच आहे. पण या मोजणीने आणखी एक काम केले आणि त्याचे मोल आपण पुरते ओळखलेले नाही. ज्यांचा मृत्यू कोणत्याही दप्तरात लिहिला गेला नाही, अशा लाखो माणसांचा हिशेब मागण्याची सोय तिने करून ठेवली. जिवंतांची नियमित मोजणी हाच अशा मृतांचा सर्वांत भरवशाचा पुरावा ठरतो.

हे पटण्यासाठी मृत्यूची नोंद त्या काळी कशी होत असे ते पाहावे लागते. खेड्यात जन्म-मृत्यूची खबर गावकामगारांनी वर कळवायची, अशी पद्धत होती. साध्या वर्षांतही या नोंदी अपुऱ्या असत आणि बऱ्याच संस्थानांत तर त्यांची धड व्यवस्थाच नव्हती. १९१८ च्या जूनमध्ये मुंबईत इन्फ्लुएंझा आला. सप्टेंबर-ऑक्टोबरमधली त्याची दुसरी लाट अतोनात घातक ठरली आणि मुंबई इलाख्यातून ती देशभर पसरली. त्याच वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता आणि धान्य महागले होते. नोंद ठेवणारेच अंथरुणाला खिळले तेव्हा नोंदवह्या मागे पडल्या यात नवल नाही. सरकारच्या आरोग्य खात्याचा सुरुवातीचा अंदाज सुमारे ६० लाख मृत्यूंचा होता. खानेसुमारीचे तक्ते हाती आल्यावर आयुक्त जे. टी. मार्टेन यांनी तो सव्वा कोटीच्या घरात नेला. १९५१ साली लोकसंख्याशास्त्रज्ञ किंग्सली डेव्हिस यांनी निरनिराळ्या वर्षांच्या खानेसुमाऱ्या एकमेकींशी ताडून दोन कोटींच्या आसपासचा आकडा मांडला. नंतरच्या अभ्यासकांनी तो काहीसा खाली आणला, तरी पहिला सरकारी अंदाज वास्तवाच्या निम्म्यावरही नव्हता, हे पक्के झाले.

यामागचे गणित सरळ आहे. आजच्या महाराष्ट्राच्या प्रदेशात १९०१ ते १९११ या काळात लोकसंख्या पावणेअकरा टक्क्यांनी वाढली होती. तीच गती टिकली असती, तर १९२१ साली येथे सुमारे २ कोटी ३८ लाख माणसे मोजली गेली असती. प्रत्यक्षात २९ लाख कमी भरली. ही सगळी तूट मृत्यूंची मानता येणार नाही. साथीत विवाहित तरुण माणसे गेली, त्यामुळे पुढे जन्मही कमी झाले. शिवाय १९०१ ची मोजणी १८९९-१९०० च्या दुष्काळानंतर आणि प्लेगच्या ऐन भरात झालेली, म्हणून तिच्या पुढच्या दशकातली वाढ हीच मुळात एक भरपाई होती. तरीही एवढी मोठी तूट स्थलांतराने किंवा योगायोगाने समजावता येत नाही. तक्त्यांचे तपशीलही त्याच दिशेला बोट दाखवतात. या प्रदेशात दर हजार पुरुषांमागे १९११ साली ९६६ स्त्रिया होत्या, १९२१ साली ९५० उरल्या. साथीत प्रौढ स्त्रियांचा बळी अधिक गेला, हे इतर पुराव्यांवरूनही दिसते. आजारी घराची सेवा करता करता त्या स्वतः आजारी पडल्या आणि त्यांना पाणी द्यायला कोणी उरले नाही, ही त्यामागची एक उघड शक्यता आहे.

यावर पहिला आक्षेप असा, की मोजणीच सदोष असेल तर तिच्यावरून मृत्यू कसे मोजायचे? दोष होते, आणि ते मोठे होते. प्रगणक बहुधा बिनपगारी, शिक्षक आणि तलाठी यांच्यातूनच घेतलेले. लोक आपले वय पाच-दहाच्या पटीत सांगत. १९३१ साली सविनय कायदेभंगाच्या काळात काँग्रेसने खानेसुमारीवर बहिष्कार पुकारला आणि गुजरातेत त्याचा परिणाम झाला. मग १९२१ ची घट ही मोजणीतल्या ढिलाईची तर नसेल? पुढच्या दशकात देशाची लोकसंख्या एकदम अकरा टक्क्यांनी वाढली, ही गोष्ट त्या शंकेला बळ देते. पण ढिलाईमुळे राहून गेलेली माणसे १९३१ साली परत सापडली असती, तर वाढीचा वेग त्यानंतर उतरायला हवा होता. उलट १९३१ ते १९४१ मध्ये तो चौदा टक्क्यांवर गेला. शिवाय १९२१ ची घट सगळीकडे सारखी नाही. आजच्या राजस्थानात ती सव्वासहा टक्के आहे, तर तामिळनाडूत त्याच दशकात साडेतीन टक्के वाढ दिसते. साथीची तीव्रताही पश्चिमेकडे व उत्तरेकडे जास्त आणि दक्षिणेकडे कमी होती. प्रगणकांचा आळस साथीचा नकाशा पाहून पसरत नाही.

मात्र आकडे वाचताना सावधगिरी हवीच, आणि मुंबई शहर ती शिकवते. प्लेगच्या दशकात (१८९१-१९०१) शहराची लोकसंख्या ८ लाख २१ हजारांवरून ७ लाख ७६ हजारांवर आली, पण त्या घटीत मेलेल्यांबरोबर गाव गाठलेलेही आहेत. उलट १९११ ते १९२१ मध्ये इन्फ्लुएंझाचा तडाखा बसूनही शहर पावणेदहा लाखांवरून पावणेबारा लाखांवर गेले. नुसता एकूण आकडा पाहणाऱ्याला मुंबई साथीतून सुखरूप सुटली असे वाटेल. जन्मस्थळाचा तक्ता हा गैरसमज दूर करतो: शहरातल्या दर शंभरांत ऐंशीहून अधिक माणसे बाहेर जन्मलेली होती आणि रत्नागिरी जिल्ह्याचा वाटा त्यांत सर्वांत मोठा होता. गिरण्यांनी कोकण-घाटावरून माणसे ओढून घेतली आणि शहराची तूट झाकली गेली. म्हणजे एका तक्त्याची चूक दुसरा तक्ता दाखवतो. खानेसुमारीची खरी ताकद तिच्या या अंतर्गत उलटतपासणीत आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. परकीय सत्तेने कारभारासाठी, कर आणि बंदोबस्तासाठी, माणसांना जाती-धर्माच्या रकान्यांत बसवण्यासाठी केलेल्या मोजणीला लोकांच्या बाजूची साक्षीदार म्हणावे का? हेतू सत्तेचाच होता, यात वाद नाही. पण एकदा छापून निघालेला आकडा सत्तेच्या मुठीत राहत नाही. १९१८ चे साठ लाख मृत्यू सरकारनेच सांगितले आणि सरकारच्याच तक्त्यांनी ते खोडून काढले. मोजणीत राजकारण शिरले की काय गमावले जाते, हे बंगालने दाखवले. १९४१ च्या मोजणीत तेथे हिंदू आणि मुसलमान दोघांनीही आपापली संख्या फुगवण्यासाठी चढाओढ केली. दोनच वर्षांनी दुष्काळ पडला, आणि पुढे १९५१ च्या मोजणीआधी फाळणी झाली. दुष्काळ चौकशी आयोगाने सुमारे १५ लाख मृत्यू सांगितले, अमर्त्य सेन यांनी ३० लाखांच्या आसपास. दोन्ही टोकांना भक्कम मोजणी नसल्यामुळे हा वाद मिटवणे फार अवघड झाले.

हा इतिहास आज नव्याने वाचण्याचे कारण आहे. महायुद्ध चालू असतानाही १९४१ ची मोजणी झाली होती, तिचे तक्ते तेवढे आटोपते घेतले गेले. २०२१ ची जनगणना मात्र झाली नाही आणि १८८१ पासून अखंड चालत आलेली दशवार्षिक मालिका प्रथमच तुटली. आता २०२७ ची मोजणी ठरली आहे. दरम्यान कोविडच्या मृत्यूंचा सरकारी आकडा सुमारे ५ लाख ३० हजार आहे, तर जागतिक आरोग्य संघटनेने २०२० आणि २०२१ या दोन वर्षांसाठी ४७ लाख जादा मृत्यूंचा अंदाज दिला. आता जन्म-मृत्यूची नागरी नोंदणी आहे, नमुना नोंदणी आहे, मग जनगणनेवाचून काय अडते, असे कोणी विचारेल. अडते ते असे, की नमुना निवडण्याची चौकटही जनगणनेवरूनच ठरते आणि नोंदणी किती पूर्ण आहे हेही तिच्याशी ताडूनच कळते. दोन मोजण्यांमधले अंतर सोळा वर्षांचे झाले, की दोन वर्षांच्या आपत्तीची खूण बदललेल्या जन्मदरात आणि स्थलांतरात मिसळून जाते. म्हणून वेळेवर मोजणी करणे हे शासनाचे उत्तरदायित्व आहे, आणि तिचे तक्ते पूर्ण व लवकर प्रसिद्ध करा असा आग्रह धरणे हे नागरिकांचे काम आहे. १९२१ च्या तक्त्यांवरून तीस वर्षांनीही नवा हिशेब मांडता आला, कारण मोजणी ठरल्या वर्षी झाली होती आणि तिचे आकडे सर्वांसमोर होते.