सिएटलचा कायदा, प्वेर्तो रिकोचं बिल

कुठल्याही जुन्या प्रोजेक्टमधे कोडची एखादी अशी ओळ असतेच, जी कधीतरी एका क्लायंटसाठी कुणीतरी घुसडलेली असते आणि नंतर तिला हात लावायची कुणाची छाती होत नाही. या शनिवारी अमेरिकेच्या १९२० सालच्या जोन्स कायद्याबद्दल वाचत बसलो, तेव्हा सारखी तीच आठवण येत होती.

वेस्ली जोन्स हे वॉशिंग्टन राज्याचे सिनेटर. पहिलं महायुद्ध नुकतंच संपलेलं, देशाकडे स्वतःची जहाजं हवीत हा धडा ताजा. कायदा म्हणतो, अमेरिकेच्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात माल न्यायचा तर जहाज अमेरिकेत बांधलेलं, अमेरिकन मालकीचं आणि अमेरिकन झेंड्याचं हवं, खलाशीही बहुतेक अमेरिकन हवेत. वरवर पाहता निव्वळ देशप्रेम! पण अलास्काचा जो माल कॅनडाच्या व्हँकुव्हरमार्गे जायचा, त्याची वाट यामुळे बंद झाली आणि तो सिएटलकडे वळला. सिएटल कुठल्या राज्यात, हे सांगायला नकोच. अलास्का कोर्टात गेलं आणि १९२२ साली सुप्रीम कोर्टात हरलं.

या भांडणात प्वेर्तो रिको कुठेच नव्हतं. १८९८ मधे स्पेनकडून अमेरिकेच्या हाती आलेलं हे कॅरिबियन बेट. किनारी वाहतुकीचे नियम तिथे १९०० पासूनच लागू होते, जोन्सने फास आवळला एवढंच. बहुतेक अन्न बाहेरून येतं, त्यातलं बरंचसं फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलहून. तिथले लोक १९१७ पासून अमेरिकन नागरिक आहेत, पण काँग्रेसमधे कायद्यावर मत द्यायचा हक्क नाही. शेजारच्या अमेरिकन व्हर्जिन बेटांना मात्र सूट आहे. गंमतच आहे ना?

अमेरिकेत जहाज बांधणं परदेशापेक्षा कितीतरी महाग. मग जुनंच चालवत राहायचं. ‘एल फारो’ हे १९७५ साली पेनसिल्व्हेनियात बांधलेलं जहाज २०१५ मधेही जॅक्सनव्हिल ते सान हुआन धावत होतं. १ ऑक्टोबरला ‘वाकीन’ चक्रीवादळात ते बुडालं. ३३ जण होते, एकही वाचला नाही. चौकशीत मुख्य ठपका कप्तानाच्या निर्णयांवर आला, आणि ते खरंच असावं. पण त्यावरच्या लाइफबोटी उघड्या होत्या! नव्या जहाजांना बंद बोटी सक्तीच्या, जुन्यांना जुना नियम. त्याच मार्गासाठी बांधलेलं नवं जहाज कंपनीला मिळालं ते त्याच महिन्यात.

कायद्याची बाजू अगदीच लंगडी नाही हं. ठरलेल्या दिवशी येणारी जहाजं आणि खलाशांच्या नोकऱ्या त्याच्यावर उभ्या आहेत. पण २०१७ मधे ‘मारिया’ वादळानंतर सरकारनेच १० दिवस सूट दिली, म्हणजे अडचण त्यांनाही कळत होती.

सप्टेंबर २०२२ मधे ‘फियोना’ आलं आणि अख्ख्या बेटाची वीज गेली. टेक्सासहून डिझेल भरून आलेलं एक परदेशी झेंड्याचं जहाज किनाऱ्यासमोर ताटकळत उभं होतं. घरोघरचे जनरेटर डिझेलवर. परवानगी मिळाली २८ तारखेला, वादळ धडकल्याच्या दहाव्या दिवशी.