निजामाची रोल्स आणि माकणीची काळी-पिवळी

मंडळी, हैदराबादला चौमहल्ला पॅलेस पाहायला गेलात तर तिथं एक पिवळी रोल्स रॉयस दिसते. सहावे निजाम महबूब अली खान यांनी ती मागवली होती. गाडी पोचायच्या आधीच, १९११ साली, ते वारले. पुढं ती त्यांच्या मुलाकडं, उस्मान अली खान यांच्याकडं आली. २०२३ पर्यंत आपला जिल्हा ज्यांच्या नावानं ओळखला जात होता, तेच हे. मिरवणुकीत सिंहासनासारखं बसता यावं म्हणून मागं खास आसन आहे. आणि शंभर वर्षांत ही गाडी धावली किती? जेमतेम काही शे मैल.

आता माकणीच्या फाट्यावरची काळी-पिवळी आठवा. तीही पिवळीच, निदान टपापुरती. निजामाची गाडी जन्मभर जेवढी चालली, तेवढं अंतर ती आठ-दहा दिवसांत तोडायची. पण संग्रहालयात कोण आहे आणि भंगारात कोण गेलं, हे आपण सगळे जाणतो.

आजचा विषय म्हणजे ज्यांना कोणी ‘क्लासिक’ म्हणत नाही अशा गाड्या. हौशी लोकांचं आमचं भांडण नाही. जुन्या गाड्या त्यांनी पदरचे पैसे घालून जगवल्या, हे मान्यच केलं पाहिजे. फक्त त्यांची नजर दोनच गोष्टींवर जाते: गाडी दुर्मीळ हवी आणि कारखान्यातून निघाली तशीच्या तशी हवी. आमची अडचण तिथं सुरू होते.

आपल्या भागाचा नकाशा डोळ्यांपुढं आणा. बार्शी लाइट रेल्वे १९११ मध्ये लातूरला पोचली, पण ती बार्शी, येडशी अशी गेली. खुद्द जिल्ह्याचं गाव बाजूला राहिलं, मग माकणी-सास्तूरची काय कथा? निजामाच्या राज्यात १९३२ साली सरकारी बससेवा सुरू झाली, तीही अवघ्या २७ बसगाड्यांनिशी. पुढं एसटी आली आणि तिनं खेड्याला जग दाखवलं, यात वाद नाही. पण सकाळची एक आणि संध्याकाळची एक अशा गाडीवर माणसाचं भागत नाही. लोहारा तालुका १९९९ मध्ये झाला. त्याआधी हा भाग उमरगा तालुक्यात होता. सात-बाराचा उतारा, कोर्टाची तारीख, कशालाही उमरगा गाठायचं. सकाळची एसटी हुकली की दिवस गेला.

ही फट भरून काढली जीपनं. महिंद्रांनी स्वातंत्र्याच्या सुमारास अमेरिकेच्या विलीज जीपची मुंबईत जुळवणी सुरू केली. लढाईसाठी बनलेलं वाहन आपल्याकडं आधी साहेबाचं झालं: तहसीलदार, इंजिनियर, आरोग्य खातं, निवडणुकीला भोंगा बांधून उमेदवार. तेव्हा गावात जीप शिरली की मागं पोरं पळायची. नंतर सरकारी लिलावात निघालेल्या, मग नव्या घेतलेल्या जीपा गावातल्याच माणसांच्या हातात आल्या, आणि पोरं मागं पळायच्या ऐवजी मागच्या फळीवर लटकू लागली! आमच्या मते या भागाच्या विसाव्या शतकातला हा मोठा बदल आहे. साहेबाची गाडी सगळ्यांची झाली, आणि त्यासाठी कुठं मोर्चा निघाला नाही की ठराव झाला नाही.

नव्वदच्या दशकात कमांडर आली, मार्शल आली, आणि पुण्याच्या बजाज टेंपोची ट्रॅक्स तर होतीच. त्यातच ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप झाला. आमच्या या श्रोत्यांना त्याबद्दल वेगळं सांगायला नको. त्यानंतर ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. जुनी गावठाणं गल्लीबोळांची, गढीला चिकटून असलेली होती. नवी मोकळी झाली, लांब-रुंद रस्त्यांची, एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायला दम लागेल अशी. घरं बदलली आणि अंतरंही बदलली. जीपची गरज अशा ठिकाणी आणखी वाढली असणार, असं आम्हाला वाटतं.

कायद्याच्या नजरेत मात्र काळी-पिवळी कायम गुन्हेगारच. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ड्रायव्हर सोडून सहापेक्षा जास्त आणि बारापर्यंत माणसं नेणारी ती ‘मॅक्सी कॅब’. तिनं ठरवून भाड्यानं जायचं. थांब्याथांब्यावर सुटी सीटं घेणं हा टप्पा वाहतुकीचा, म्हणजे एसटीचा अधिकार. आणि बारा? बाराला तर गाडी हलायचीच नाही. “एकच सीट ऱ्हायलंय, निघतोच” म्हणत अर्धा तास जायचा. त्यात जीव गेले, अपघात झाले, हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. सोलापूर-सांगलीकडं ज्याला वडाप म्हणतात तीच ही. कौतुक करताना तिची ही बाजू गाळली तर तो इतिहास होणार नाही, जाहिरात होईल.

आता थोडं इंजिनाकडं वळू. ट्रॅक्समध्ये आणि मॅटाडोरमध्ये मर्सिडीज-बेंझच्या परवान्यानं बनवलेलं ओएम ६१६ हे डिझेल इंजिन होतं. त्याच घराण्यातलं इंजिन जर्मनीतल्या मर्सिडीज २४० डी मोटारीत होतं. त्या मोटारी आज जगभरचे शौकीन जपून ठेवतात. इंजिन तेच, एकाला गॅरेजात मलमल, दुसऱ्याला ज्वारीची पोती आणि शेळी. महिंद्रांच्या डिझेल जीपमध्येही प्यूजो घराण्याचं इंजिन होतं. म्हणजे माकणीच्या मिस्त्रीचे हात जर्मनी आणि फ्रान्सच्या यंत्रांवर बसलेले होते, आणि त्याला कुणी कधी ‘एक्स्पर्ट’ म्हटलं नाही.

केंद्र सरकारनं जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांचे नियम आणले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं व्हायला हवीत, वापर खासगी हवा, आणि चॅसी, बॉडी, इंजिनात मोठा बदल झालेला नसावा. मग ‘व्हीए’ मालिकेचा वेगळा नंबर मिळतो. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये. चांगला नियम आहे, उशिरा का होईना आला. पण आपल्या जीपला लावून बघा. १९९५ ची कमांडर २०४५ मध्ये पात्र ठरणार. तोवर ती टिकायची कशी? दुसरं, ती खासगी नव्हतीच, पोटासाठी चालली. आणि तिसरं सगळ्यांत अवघड. पेट्रोलचं इंजिन काढून डिझेल घातलेलं, मागं बाकडी वाढवलेली, पाट्यांमध्ये जादा पाटा घातलेला, टपाला कॅरियर जोडलेलं. नियमाच्या भाषेत ती बिघडवलेली गाडी ठरते. आम्ही म्हणतो, तिचा इतिहास नेमका त्या जोडकामात आहे. कारखान्यातून निघाली तेव्हा ती हजारांतली एक होती. लोहाऱ्याच्या वेल्डिंगवाल्यानं हात लावल्यावर ती या मुलखाची झाली.

मुंबईच्या पद्मिनीचं नशीब त्या मानानं बरं. कुर्ल्याच्या कारखान्यातली ती फियाट टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली. शेवटच्या टॅक्सीची नोंदणी २००३ ची होती, आणि टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा. पेपरात फोटो आले, टॅक्सी युनियननं एक तरी गाडी जपून ठेवा अशी मागणी केली. सिनेमानं तिला ओळख दिली होती. इंग्लंडात तर २०१४ पासून अगदी सामान्य मोटारींचाच मेळा भरतो. एकेकाळी ज्यांची टिंगल व्हायची, त्या ऑस्टिन अ‍ॅलेग्रोसारख्या गाड्या लोक तिथं अभिमानानं आणतात. आमच्या काळी-पिवळीला ना सिनेमा मिळाला, ना मेळा.

गाडी जपायला जागा लागते, पैसा लागतो. तेवढी ऐपत आपल्यापाशी नसेल. कागद जपायला एक डबा पुरतो. जुनं आरसी बुक कुणाच्या पेटीत असेल तर ते रद्दीत घालू नका. त्यात आसनसंख्या असते, मालक बदलल्याच्या नोंदी असतात, आधी कुठल्या खात्याची गाडी होती तेही काही वेळा कळतं. एमएच-२५ च्या आधीचे जुने नंबर असतात. इंजिन बदललं आणि ते रीतसर नोंदवलं असेल, तर जुना इंजिन नंबर खोडून नवा लिहिलेला असतो, इंधनाच्या रकान्यात पेट्रोलच्या जागी डिझेल, बाजूला आरटीओचा शिक्का आणि तारीख. परमिटाचा कागद सोबत असला तर आणखी बरं. आणि ज्यांनी ती गाडी चालवली ते अजून आपल्यात आहेत. कुठला फाटा कुणाचा, नंबर कसा लागायचा, बाजाराच्या दिवशी भाडं किती, बाळंतिणीला रात्री न्यायचे पैसे घ्यायचे की नाही, हे त्यांनाच ठाऊक. व्याख्यान संपल्यावर आम्ही इथंच मागं बसतोय. मोबाइलवर आवाज नोंदवून घेऊ. ज्यांच्याकडं स्टिअरिंग होतं त्यांनी आधी यावं, सीटं नंतर.