दुतोंडी रूळ : झिजलेला भाग तेवढाच बदलण्याच्या खटपटीचा इतिहास

रेल्वेचा रूळ नेमका कुठे झिजतो? जिथे चाक टेकते तिथे, म्हणजे फक्त माथ्यावर. वळणावर चाकाची कड घासते म्हणून माथ्याची आतली बाजूही झिजते. पण मधली उभी पट्टी आणि खालचा तळ यांना चाक शिवतसुद्धा नाही. तरीही वरचा अर्ध्या बोटाएवढा थर गेला की अख्खा रूळ काढावा लागतो. नांगराचा फाळ झिजला म्हणून कोणी नांगर टाकून देत नाही, फाळ बदलतो. मग रुळाचेच असे का? हा प्रश्न आपल्यासारख्या हौशी माणसाला पडतो, तसा तो रेल्वेच्या आधीपासून इंजिनिअर मंडळींनाही पडत आला. त्याची जी उत्तरे त्यांनी शोधली, त्यांतल्या एका उत्तराचे तुकडे आपल्याकडच्या जुन्या रेल्वे आवारांत कुंपणाचे खांब म्हणून अजूनही उभे असतात. म्हणून मंडळाच्या वाचकांसाठी हा विषय मांडतो आहे.

लाकडापासून सुरुवात

इंग्लंडच्या ईशान्येला, न्यूकॅसलच्या आसपास, कोळशाच्या खाणींपासून नदीपर्यंत घोडे लाकडी रुळांवरून वाघिणी ओढत. हा सतराव्या-अठराव्या शतकातला प्रकार, वाफेच्या इंजिनाच्या कितीतरी आधीचा. लाकडी रूळ स्लीपरवर लाकडी खुंट्या ठोकून बसवलेले असत. लाकूडच ते, लवकर झिजायचे. दर वेळी नवा रूळ बसवताना स्लीपरला नवी भोके पडायची आणि चांगला स्लीपर भोकांनीच निकामी व्हायचा.

यावर तिथल्या सुतारांनी सोपा तोडगा काढला : रूळच दोन थरांचा करायचा. खालचा थर स्लीपरवर कायमचा, वरचा थर त्याच्यावर ठोकलेला. चाके वरच्याला खातील, तो झिजला की तेवढाच काढून नवा ठोकायचा. खालचा थर आणि स्लीपर जागच्या जागी. शिवाय दोन थरांमुळे उंची वाढल्याने स्लीपरवर मातीखडीची भर घालता येऊ लागली आणि घोड्यांच्या टापांपासून स्लीपर वाचले. झिजणारा भाग वेगळा आणि टिकणारा वेगळा, ही कल्पना इथे चोख चालली. ती चालण्याचे कारणही लक्षात ठेवण्यासारखे आहे : गाडी हळू होती आणि वजन बेताचे होते.

१७६७ मध्ये कोलब्रुकडेलच्या कारखान्याने लाकडी रुळांवर ओतीव लोखंडाच्या पट्ट्या बसवल्या. वरचा थर लोखंडी, एवढाच फरक. पुढे अमेरिकेत लाकूड मुबलक आणि लोखंड महाग, त्यामुळे तिथल्या सुरुवातीच्या रेल्वेंनी लाकडी तुळयांवर लोखंडी पट्टी खिळ्यांनी ठोकून मैलोन् मैल मार्ग टाकले. पण आता वर इंजिन होते. वजनाखाली पट्टी वाकायची, खिळे सैल व्हायचे, टोक वर उचलले जायचे आणि कधी कधी ते डब्याची जमीन फोडून आत घुसायचे. तिथले लोक त्याला 'सापाचे डोके' म्हणत. तेवढ्या एका नावावरून प्रवाशांची भीती कळते.

लॉकची युक्ती

दरम्यान १८२० मध्ये जॉन बर्किनशॉने घडीव लोखंडाचा लाटलेला रूळ काढला. ओतीव लोखंडाचा रूळ आखूड आणि ठिसूळ असायचा. हा पंधरा-अठरा फूट लांब करता येई आणि सहजी मोडत नसे. खऱ्या अर्थाने रेल्वे इथून शक्य झाली. पण झिजेचा प्रश्न राहिलाच, कारण घडीव लोखंड मऊ.

मग आला जोसेफ लॉक. १८३७ साली सुरू झालेल्या ग्रँड जंक्शन रेल्वेचा हा इंजिनिअर. खर्चाच्या बाबतीत अतिशय काटेकोर म्हणून त्याची ख्याती होती. त्याने विचार केला तो असा : झिजणारा माथा सुटा करता येत नसेल, तर रुळाला दोन माथे द्यावेत. वर एक, खाली तसाच दुसरा, मध्ये उभी पट्टी. वरचा झिजला की रूळ उलटा करायचा. एका रुळाच्या किमतीत दोन रुळांचे आयुष्य!

असा रूळ स्वतःच्या तळावर उभा राहू शकत नाही. म्हणून स्लीपरवर ओतीव लोखंडाची बैठक बसवायची, तिला रेल्वेत 'चेअर' म्हणतात. चेअरच्या जबड्यात रूळ ठेवायचा आणि फटीत लाकडी पाचर ठोकायची. ही पाचर म्हणजे 'चावी'. रोज पायी फिरून सैल चाव्या ठोकत जाणारा तो चावीवाला. रूळ बदलायचा तर चाव्या काढा, रूळ उचला, फिरवा, चाव्या ठोका. स्लीपर आणि चेअर हलवायचे काम नाही. न्यूकॅसलच्या सुतारांचीच युक्ती, पण लोखंडात.

बिघडलं कुठे?

कागदावर हिशेब बरोबर होता. पण रूळ उलटवायची वेळ आली तेव्हा खालचा माथा नवा राहिलेलाच नव्हता. दर अडीच-तीन फुटांवर तो चेअरवर टेकलेला. गाडी गेली की रूळ किंचित दबतो, उचलतो, चेअरवर आपटतो. वर्षानुवर्षे असे झाले की चेअरच्या प्रत्येक जागी खालच्या माथ्याला खाचा पडतात. असा रूळ उलटवला की खाचा वर येतात आणि चाक ठराविक अंतराने आदळत जाते. प्रवाशांचे हाल तर झालेच, पण धक्क्यांनी रूळ मोडण्याचीही भीती. म्हणजे ज्या बाजूला 'राखीव' म्हणून ठेवले होते, ती बाजूही गुपचूप खर्च होत होती.

यातून इंग्लंडच्या रेल्वेंनी एक शहाणा धडा घेतला. उलटवायचेच नाही तर दोन सारखे माथे कशाला? खालचा माथा चेअरमध्ये बसण्यापुरता लहान ठेवा आणि वाचलेले लोखंड वरच्या माथ्यावर चढवा, झिजण्यासाठीच. हा झाला 'बुलहेड' रूळ. भाग बदलण्याऐवजी झिजेपुरता जास्तीचा माल आधीच देऊन ठेवायचा. चेअर आणि चावी मात्र तीच राहिली. इंग्लंडमध्ये हा रूळ विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत प्रमाण मानला गेला. लंडनच्या भुयारी रेल्वेत तो आजही सापडतो.

सुटा माथा करून पाहण्याचे प्रयोगही झाले. अमेरिकेत दोन-तीन उभ्या तुकड्यांचा जोडरूळ निघाला. जर्मनीत दोन लोखंडी कोनपट्ट्यांच्या मध्ये पोलादी माथा पकडून तो बोल्टांनी आवळण्याची रचना झाली. माथा झिजला की बोल्ट सोडा आणि तेवढाच बदला. ऐकायला अगदी आजच्या सुट्या भागांसारखे. पण रुळावरून दिवसातून शेकडो चाके जातात आणि प्रत्येक चाक प्रत्येक जोडाला हिसका देते. रिव्हेट ढिले होतात, बोल्ट सुटतात, फटीत पाणी शिरून गंज धरतो. झीज माथ्यावरून निघून जोडात जाऊन बसते. जोड जेवढे जास्त, तेवढी देखभाल जास्त.

शेवटी प्रश्न सुटला तो रचनेने नव्हे, धातूने. घडीव लोखंडाचा रूळ पट्ट्यांची चळत तापवून, लाटून केलेला असे. त्यामुळे तो नुसता झिजत नसे, त्याचे पापुद्रे सुटत. पोलाद एकसंध. १८५७ मध्ये रॉबर्ट मशेटच्या पोलादाचा एक रूळ डर्बी स्टेशनात बसवला गेला. त्या गर्दीच्या जागी लोखंडी रूळ काही महिन्यांत बदलावे लागत. पोलादी रूळ सोळा वर्षांनंतरही जागेवर होता. १८६२ मध्ये लंडनजवळ चॉक फार्म इथे बेसेमर पोलादाचे रूळ लोखंडी रुळांशेजारी घालून पाहिले, तेव्हाही असेच झाले. लोखंडी रुळांची तोंडामागून तोंडे झिजून गेली, तरी पोलादी रुळाचे पहिलेच तोंड चालू होते.

आपल्याकडचा दुवा

१८५३ मध्ये मुंबई-ठाणे गाडी धावली तो काळ इंग्लंडात चेअर आणि दुतोंडी रुळाच्या चलतीचा. तिथले इंजिनिअर आपल्या सवयी घेऊनच इकडे आले. त्यामुळे भारतातल्या सुरुवातीच्या अनेक मोठ्या मार्गांवर दुतोंडी आणि पुढे बुलहेड रूळ पडले. इथे आणखी दोन अडचणी निघाल्या. लाकडी स्लीपरला वाळवी लागे, म्हणून ओतीव लोखंडाचे वाडग्यासारखे 'पॉट' स्लीपर आले. आणि कोरड्या उन्हाळ्यात लाकडी चावी आकसून गळून पडे, म्हणून धातूच्या चाव्या आल्या.

बडोद्याचे उदाहरण थोडे वेगळे आणि बोलके आहे. खंडेराव महाराज गायकवाडांच्या काळात, १८६२ मध्ये, डभोई-मियागाम मार्ग अडीच फुटी मापावर टाकला गेला. त्याचे रूळ यार्डाला अवघे १३ पौंड, म्हणजे मीटरला साडेसहा किलोच्या आत. आजचा मुख्य मार्गाचा रूळ मीटरला ६० किलो असतो, यावरून अंदाज यावा. १८६३ मध्ये इंजिने आणून पाहिली, पण हे रूळ त्यांना पेलणारे नव्हते. गाड्या बैलच ओढत राहिले. १८७३ मध्ये जास्त वजनी रूळ घातले गेले, पण इंजिने नियमित धावू लागली ती १८८० पासून.

यात झिजेचा संबंध काय, असे कोणी विचारेल. संबंध असा की या मार्गाचे रूळ झिजून नव्हे, तर हलके पडले म्हणून बदलावे लागले. त्यांचा माथा सुटा असता तरी काय उपयोग होता? एकोणिसाव्या शतकात दर काही वर्षांनी इंजिने जड होत गेली आणि रूळ झिजण्याआधीच अपुरे ठरत गेले. सुट्या भागांच्या सगळ्या योजनांनी एक गोष्ट गृहीत धरली होती, की उद्याची गाडी आजच्याएवढीच असेल.

कल्पना गेली कुठे?

ती मेली नाही, रुळाच्या आसपास पांगली. रबरी पॅड, लायनर, स्प्रिंगची क्लिप हे आजचे सगळे स्वस्त, बदलायचे भाग रूळ आणि स्लीपर यांच्यामध्ये बसून झीज स्वतःवर घेतात. सांधा बदलण्याच्या जागी, जिथे चाक फटीवरून उडी घेते, तिथला मँगनीज पोलादाचा क्रॉसिंगचा तुकडा वेगळा बदलता येतो. आणि लॉकची मूळ युक्तीही एका रूपात जिवंत आहे : वळणावरच्या रुळाची आतली कड झिजली की तो टोकाकडून टोकाकडे फिरवून किंवा समोरच्या रुळाशी अदलाबदल करून न झिजलेली कड चाकाकडे आणतात. वरखाली उलटवणे फसले, डावे-उजवे फिरवणे टिकले. बाकी, मुख्य मार्गावरून निघालेला रूळ साइडिंगला जातो, तिथून निघाला की खांब, कुंपण, छपराची तुळई होतो.

आणि हाच आपल्या कामाचा भाग. डभोई परिसरातले बरेचसे अरुंदमापी मार्ग आता रुंदमापी झाले, जुनी आवारे साफ होत आहेत, कुंपणाचे खांब भंगारात जात आहेत. रुळाचा खांब दिसला तर एवढे पाहावे. वरखाली दोन्ही माथे सारखे असतील तर दुतोंडी, एक लहान असेल तर बुलहेड, सपाट तळ असेल तर अलीकडची पद्धत. उभ्या पट्टीवर उठावदार अक्षरे असल्यास कारखाना, साल आणि वजन कळते. दुतोंडी असेल तर माथ्यांवर अडीच-तीन फुटांच्या अंतराने चेअरच्या खाचा शोधाव्यात. खाचा एकाच माथ्यावर असतील तर तो रूळ कधी उलटवलाच नाही. दोन्हीवर असतील तर तो उलटवून वापरला होता, आणि ही गोष्ट बहुधा कुठल्याही कागदात सापडणार नाही.

उंची, माथ्याची रुंदी, खाचांचे अंतर मोजावे, मोजपट्टी ठेवून फोटो काढावा, जागा लिहून ठेवावी. चालू मार्गावर किंवा रेल्वेच्या हद्दीत परवानगीशिवाय जाऊ नये. जुन्या स्टेशनांबाहेर, शाळांच्या कुंपणांत, शेताच्या फाटकांत पाहण्यासारखे पुष्कळ आहे. अशा नोंदी मंडळाकडे आल्या तर बडोदे परिसरातल्या जुन्या रुळांची एक यादी करता येईल.