फ्रेम (संकेतपाने)

फ्रेम म्हणजे न्याहाळकाच्या एकाच खिडकीचे पाडलेले स्वतंत्र भाग होत. प्रत्येक भागात वेगळे एचटीएमएल पान उघडते. नेटस्केप नॅव्हिगेटर २.० या न्याहाळकाने १९९६ मध्ये ही सोय रूढ केली आणि डिसेंबर १९९७ मधील एचटीएमएल ४.० या प्रमाणात तिला अधिकृत स्थान मिळाले. वाचकाला जे एक पान भासते ते वस्तुतः अनेक पानांचे संकलन असते. फ्रेमयुक्त पानांवर वावरताना आणि ती छापताना येणाऱ्या बहुतेक अडचणींचे मूळ यातच आहे.

रचना

फ्रेमसेट हे मूळ पान सहसा स्वतः मजकूर दाखवत नाही. खिडकी कशी विभागायची व कोणत्या भागात कोणते पान आणायचे, एवढेच ते सांगते. डावीकडे अरुंद अनुक्रमणिका आणि उजवीकडे मजकूर ही सर्वपरिचित मांडणी होय. दुव्यातील 'टार्गेट' हा गुणधर्म मजकूर कोणत्या फ्रेममध्ये उघडावा हे ठरवतो. त्यामुळे अनुक्रमणिका जागची हलत नाही आणि ती पुनःपुन्हा उतरवावी लागत नाही. डायल-अप जोडणीच्या काळात हा मोठाच लाभ होता. जावा भाषेच्या संदर्भपानांनी ही मांडणी दीर्घकाळ वापरली, मात्र ती नको असणाऱ्यांसाठी 'नो फ्रेम्स' हा दुवाही तेथे असे.

संचार

आतील पाने बदलली तरी पत्तापट्टीत फ्रेमसेटचाच पत्ता राहतो. परिणामी वाचनखूण जतन केल्यास वाचक पुन्हा आरंभीच्या पानावर येतो. नॅव्हिगेटर २.० मध्ये 'मागे' ही कळ दाबताच संपूर्ण फ्रेमसेटमधूनच बाहेर पडावे लागे, ३.० आवृत्तीत ही कळ फ्रेममधील एकेक पाऊल मागे नेऊ लागली. याउलट शोधयंत्रातून आलेला वाचक अनुक्रमणिकेविना सुट्या पानावर येऊन पोहोचे. वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी डिसेंबर १९९६ मध्येच फ्रेमवर कठोर टीका केली होती.

मुद्रण

मुद्रणाची आज्ञा सामान्यतः सक्रिय फ्रेमला, म्हणजे जिच्यात शेवटची टिचकी मारली तिला, लागू होते. अनुक्रमणिकेतील दुव्यावर टिचकी मारून लगेच छपाई केल्यास लेखाऐवजी अनुक्रमणिकाच कागदावर उतरते. म्हणून आधी मजकुराच्या फ्रेममधील रिकाम्या जागेवर टिचकी मारावी.

इंटरनेट एक्सप्लोररच्या मुद्रण-संवादात तीन पर्याय असत: पडद्यावर दिसते तसे, केवळ निवडलेली फ्रेम, अथवा सर्व फ्रेम स्वतंत्रपणे. पहिला पर्याय मोहक वाटला तरी त्यात फ्रेमच्या दृश्य भागाखालील मजकूर कापला जाई. तिसऱ्यात शीर्षपट्टीसाठीही वेगळा कागद खर्ची पडे. तेथेच 'दुवे असलेली सर्व पाने छापा' अशीही चौकट होती. अनुक्रमणिका सक्रिय असताना ती निवडणे म्हणजे अख्खे संकेतस्थळ छापण्यासारखेच. सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे फ्रेमवर उजवी टिचकी मारून ती नव्या खिडकीत उघडणे व तेथून छापणे. यामुळे त्या पानाचा खरा पत्ताही मिळतो. फायरफॉक्समध्ये उजव्या टिचकीच्या यादीतच फ्रेम छापण्याची सोय आहे.

ऑक्टोबर २०१४ मधील एचटीएमएल५ प्रमाणाने फ्रेमसेट कालबाह्य ठरवला, तरी न्याहाळक जुनी पाने अद्याप दाखवतात. पानाच्या आत दुसरे पान बसवणारा आयफ्रेम हा घटक मात्र प्रमाणात कायम आहे.